चढते पाणी आणि पडते पाणी

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांचा संगम झाला आहे. या संगमावर, दोन्ही नद्यांच्या बेचक्यात, नृसिंहवाडी हे गाव वसले आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव नरसोबाची वाडी किंवा नुसती वाडी असे आहे. गावाच्या पूर्वेस कृष्णा वाहते. तिच्या पैलतीरावर औरवाड आहे. दक्षिणेस पंचगंगा वाहते; तिच्या पलीकडे कुरुंदवाड आहे. कृष्णेच्या घाटावर औदुंबराच्या छायेत दत्तपादुकांचे मंदिर आहे. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी या स्थळी बारा वर्षे वास केला, असे परंपरा सांगते. त्यामुळे येथे वर्षभर यात्रेकरूंची वर्दळ असते. ते घाटावर स्नान करतात, पादुकांचे दर्शन घेतात आणि परतताना पेढे, बासुंदी व कवठाची बर्फी घेऊन जातात.

अशा गावात वाढणाऱ्या मुलांना पाणी नवे नसते. शाळेत अंक शिकण्यापूर्वीच ती घाटाच्या पायऱ्या मोजू लागतात. पावसाळा सुरू झाला की वाडीच्या घराघरांतून एक प्रश्न रोज विचारला जातो, “पाणी कुठवर आलं?” या प्रश्नाचे उत्तर फुटांत अथवा मीटरांत दिले जात नाही, ते पायऱ्यांत दिले जाते. काल सायंकाळी जी पायरी उघडी होती, ती आज सकाळी दिसत नाही, एवढे सांगितले की ऐकणाऱ्यास सारे कळते. वाडीचा घाट हा जसा स्नानाचा घाट आहे, तशीच ती दगडात बांधलेली एक मोजपट्टीही आहे.

हे पाणी वाडीच्या आकाशातून पडलेले नसते. शिरोळ तालुका हा कमी पावसाचा प्रदेश आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार तेथेच उतरवतात. पूर्वेकडे येईपर्यंत ढगांजवळ फारसे काही उरत नाही. पण डोंगरावर पडलेले पाणी मात्र उताराने पूर्वेकडेच येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एकत्र येतात. गुप्त सरस्वती ही पाचवी मानून या एकत्रित प्रवाहाला पंचगंगा हे नाव मिळाले आहे. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते. कऱ्हाड येथे तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते, आणि मग ती वाडीस येते. म्हणजे सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांच्या डोंगरांवर पडलेला पाऊस शेवटी वाडीच्या घाटाला येऊन लागतो.

म्हणूनच वाडीत कधी कधी मोठे नवल दिसते. आकाश निरभ्र असते, अंगणात लख्ख ऊन पडलेले असते, आणि नदी मात्र चढत असते. बाहेरगावचा यात्रेकरू चकित होतो. वाडीचे मूल चकित होत नाही. ‘वर पाऊस लागला आहे,’ एवढेच ते म्हणते. डोंगरावरील पाण्याला येथवर येण्यास साधारणपणे एक ते दोन दिवस लागतात. भोगावतीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला की ते आपोआप उघडतात. ते उघडल्याची वार्ता आली, की पंचगंगेच्या काठची माणसे पुढच्या तयारीला लागतात.

संगमावर आणखी एक गोष्ट घडते. कृष्णा मोठी नदी आहे. ती दुथडी भरून वाहू लागली, म्हणजे पंचगंगेच्या पाण्याला तिच्यात शिरण्यास वाव उरत नाही. मग पंचगंगेचे पाणी तुंबते, मागे सरकते आणि आजूबाजूच्या शेतांत पसरते. या तुंबलेल्या पाण्याला नदीची फूग असे म्हणतात. फुगीच्या पाण्याला ओढ कमी असते. ते गर्जना करीत येत नाही. रात्री निजताना जे पाणी शेताच्या बांधाशी असते, ते पहाटे गोठ्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेले दिसते. चढत्या पाण्याचा स्वभाव असा मुका आहे.

वाडीने या चढत्या पाण्याशी फार जुने नाते जोडले आहे. पाणी मंदिराच्या मंडपाकडे येऊ लागले, की उत्सवमूर्ती उंचावरील नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते. पाणी आणखी चढले, की ते मंदिराच्या उत्तरेकडील दाराने आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करण्यास दुरून लोक येतात. ज्या पाण्याने अन्यत्र माणसे घाबरून जातात, त्या पाण्याचे वाडीत असे स्वागत होते. कृष्णाकाठच्या काळ्या मळीची शेती आणि तिच्यात पिकणारी चवदार वांगी ही या पाण्याचीच देणगी आहे. पुराबरोबर आलेला गाळ जमिनीवर पसरतो आणि तिचा कस राखतो.

परंतु या नात्याला दुसरी बाजूही आहे. जुलै २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या तीन वेळी कृष्णा व पंचगंगा यांना महापूर आले. कोल्हापूर येथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा तेथे ५५ फुटांच्या वर गेली. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला. हजारो माणसांना व जनावरांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. २००५ साली पाणी जेथवर आले होते, त्याहून वर ते येणार नाही, असा अनेकांचा समज होता. त्या जुन्या खुणेवर विसंबून काही कुटुंबे घरातच थांबली, आणि पाणी ती खूण ओलांडून वर गेले. जुनी खूण उपयोगी असते. तथापि ती नदीने दिलेले वचन नव्हे, ही गोष्ट त्या वर्षी सर्वांना कळली.

येथवर जे सांगितले, ते चढत्या पाण्याविषयी झाले. वाडीच्या मुलांना हे पाणी ठाऊक असते. पण पाण्याचे दुसरे एक रूप आहे, ते त्यांनी घरी बसून कधीच पाहिलेले नसते. वाडीच्या भोवतालचा प्रदेश सपाट आहे. तेथे नदीला कडा नाही, उडी नाही. पडते पाणी पाहायचे, तर गाव सोडून जावे लागते. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या भागातील शाळांच्या सहली ज्या धबधब्यांकडे जातात, त्यांत गोकाकचा धबधबा विशेष प्रसिद्ध आहे.

गोकाक हे कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील गाव. वाडीहून तेथे मोटारीने जाता येते. मिरजेहून बेळगावकडे जाणाऱ्या रेल्वेनेही जाता येते. रेल्वेचा मार्ग मुलांच्या दृष्टीने अधिक मौजेचा आहे. मिरज सोडल्यावर उगार व कुडची यांच्या दरम्यान गाडी एका मोठ्या पुलावरून जाते. खाली कृष्णा वाहत असते. सकाळी जिला घाटावर पाहिले, तीच नदी येथे पुन्हा भेटते. मात्र आता तिच्या पोटात पंचगंगाही सामावलेली असते. स्थानकांवरील पाट्या हळूहळू कानडी होत जातात. वाडीच्या मुलांना ही भाषा परकी वाटत नाही. कारण त्यांच्या घाटावर येणाऱ्या यात्रेकरूंत कानडी बोलणारे पुष्कळ असतात. पुढे घटप्रभा या नावाचे स्थानक लागते. नदीचेच नाव स्थानकाला मिळाले आहे. तेथून धबधबा जवळ आहे. गोकाक गाव धबधब्यापासून सहा किलोमीटरांवर असून तेथील करदंट ही मिठाई व रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत.

गोकाकला जी नदी कड्यावरून उडी घेते, ती घटप्रभा. तिचा उगमही सह्याद्रीतच आहे. ती प्रथम कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातून वाहते. नंतर तिला ताम्रपर्णी मिळते. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज व संकेश्वर या गावांवरून येऊन पुढे तिच्यात मिसळते. म्हणजे गोकाकच्या कड्यावरून जे पाणी कोसळते, त्यातील बराच भाग कोल्हापूर जिल्ह्याच्याच डोंगरांवर पडलेला असतो. कृष्णेचे पाणी आणि घटप्रभेचे पाणी ही एकाच सह्याद्रीची लेकरे आहेत. एक संथपणे चढत वाडीस आले, दुसरे धावत गोकाकच्या कड्यापाशी आले.

धबधबा दिसण्यापूर्वी ऐकू येतो. पावसाळ्यात दुरूनच एक अखंड घोष कानांवर पडू लागतो. जवळ गेल्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक विस्तीर्ण कडा दिसतो, आणि त्यावरून तांबूस पाण्याची भिंत खाली कोसळत असते. हा कडा ५२ मीटर उंच आहे. नदीला पूर असतो, तेव्हा माथ्यावरील पाण्याची रुंदी १७७ मीटरांपर्यंत जाते. घोड्याच्या नालेच्या आकारामुळे पुष्कळ जण गोकाकची तुलना अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील नायगाराशी करतात. नायगाराचा पाण्याचा लोंढा गोकाकहून कितीतरी मोठा आहे. पण त्याच्या मुख्य धबधब्याची उंची सुमारे ५७ मीटर, म्हणजे गोकाकहून थोडीच अधिक आहे.

नदीला कडा कोठून मिळतो, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. त्याचे उत्तर खडकांत आहे. घटप्रभा प्रथम सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहते. गोकाकजवळ तो कातळ संपतो आणि फार प्राचीन काळी वाळू दडपून घट्ट होऊन बनलेला वालुकाश्म लागतो. या खडकाचे थर एकावर एक रचल्यासारखे आडवे असतात. वरचा थर कठीण असला, की पाणी त्याला सहजासहजी झिजवू शकत नाही. परंतु कड्याखाली कोसळणारे पाणी तेथे डोह खणते, कड्याचा पायथा पोखरते आणि खडकांच्या भेगांत शिरते. पायथा पोकळ झाला, की वरची शिळा आधाराविना राहते आणि केव्हा तरी तुटून खाली पडते. अशा रीतीने कडा फार सावकाश मागे सरकत जातो आणि त्याच्या पुढे एक खोल दरी तयार होते. नायगाराचा धबधबा अशा रीतीने गेल्या सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला आहे. गोकाकच्या खाली जी अरुंद घळ दिसते, तीही नदीच्या अशाच दीर्घ उद्योगाची साक्ष देते.

पाणी कड्यावरून सुटून तळाशी पोचेपर्यंत किती वेळ लागतो? मनातल्या मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणावे. तेवढ्यात ते खाली पोचलेले असते. गणिताने हा वेळ सुमारे सव्वातीन सेकंद येतो. हवेचा अडथळा नसता, तर तळाशी त्याचा वेग ताशी ११५ किलोमीटरांच्या जवळपास गेला असता. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते. असे कित्येक घनमीटर पाणी दर क्षणाला खाली आदळत असते. आदळताना त्याचे बारीक तुषार होऊन ते धुक्यासारखे वर उठतात. सूर्य पाठीशी ठेवून या तुषारांकडे पाहिले, की त्यांत इंद्रधनुष्याची कमान दिसते. सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यास ती दिसत नाही. उन्हाळ्यात हा देखावा मावळतो. वरच्या बाजूस हिडकल येथे धरण झाले असून पाणी शेतीसाठी अडवले जाते, त्यामुळे त्या दिवसांत कड्यावर पाण्याच्या काही बारीक धाराच उरतात. धबधबा पाहण्याचा खरा काळ म्हणजे जुलै ते सप्टेंबर.

पडत्या पाण्यात शक्ती असते, हे माणसाने ओळखले आणि ती कामास लावली. १८८५ साली येथे कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन झाली. कड्याच्या माथ्याजवळून पाणी नळांतून खाली नेऊन त्याच्या जोरावर चाके फिरवण्याची योजना करण्यात आली. १८८७ साली येथे पाण्यापासून वीज निर्माण झाली, असे सांगितले जाते. पुढे १९०२ साली कावेरीवर शिवसमुद्रम येथे आणि १९१५ साली खोपोली येथे मोठी जलविद्युत केंद्रे सुरू झाली. जे पाणी दगड फोडते, तेच सूत कातते आणि दिवेही लावते. मात्र त्यासाठी त्याला वाट बांधून द्यावी लागते. धबधब्याच्या वरच्या अंगास नदीवर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. आसपास चालुक्यकालीन शैलीची जुनी दगडी मंदिरेही आहेत.

वाडीच्या मुलांची खरी परीक्षा येथे असते. ती पाण्याजवळ वाढलेली असतात. त्यांतील कित्येकांना लहानपणापासून पोहता येते. पाण्याची भीती अशी त्यांना नसते. आणि हेच धबधब्याजवळ धोक्याचे ठरते. वाडीच्या घाटावर जे ज्ञान पुरते, ते गोकाकच्या कड्यावर जसेच्या तसे पुरत नाही.

पहिली गोष्ट कड्याच्या माथ्याची. तेथे पुष्कळ ठिकाणी पाणी उथळ व शांत दिसते. ते घोट्याएवढेच खोल आहे, असे पाहून त्यात उतरण्याचा मोह होतो. परंतु कड्याकडे जाता जाता पाण्याचा वेग वाढत जातो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. गुडघ्याएवढे धावते पाणी धडधाकट माणसाचेही पाय उचलते. शिवाय खालचा खडक शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. वाडीच्या घाटावर पाय घसरला, तर मूल खालच्या पायरीवर जाते. कड्याच्या माथ्यावर खालची पायरी नसते.

दुसरी गोष्ट तळाच्या डोहाची. चांगल्या पोहणाऱ्याला डोह पाहून पोहण्याची इच्छा होते. पण धबधब्याखालील पाणी आणि संथ नदीतील पाणी यांत मोठा फरक आहे. कोसळताना पाण्यात असंख्य हवेचे बुडबुडे मिसळतात. असे फेसाळ पाणी साध्या पाण्याहून हलके असते. ते माणसाच्या शरीराला पुरेसे उचलून धरू शकत नाही. त्यातच वरून आदळणारे पाणी तळाशी जाते, वर येते आणि पुन्हा कड्याकडे वळते. या फिरत्या प्रवाहात सापडलेल्या माणसास तो बाहेर सोडत नाही. कृष्णा पोहून पार करणाऱ्याची विद्यादेखील येथे निरुपयोगी ठरते.

तिसरी गोष्ट आवाजाची. धबधब्याच्या घोषात मोठ्याने मारलेली हाकही दहा पावलांवर ऐकू जात नाही. म्हणून तेथे पोचण्यापूर्वीच गुरुजींनी हाताच्या खुणा व शिट्टीचे इशारे ठरवून ठेवावेत. दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे भान ठेवावे. लहान मुले आतल्या बाजूस आणि मोठी माणसे कड्याच्या बाजूस असावीत. दर थोड्या वेळाने मोजणी व्हावी. छायाचित्र घेताना दृष्टी यंत्रावर असते आणि पावले नकळत मागे सरकतात. म्हणून आधी एका जागी स्थिर उभे राहावे, मग छायाचित्र घ्यावे. कठड्याच्या पुढे कोणीही जाऊ नये. झुलत्या पुलावर जाण्यास तेथील अधिकाऱ्यांची मोकळीक असेल तरच जावे, आणि मुद्दाम पाय आपटून तो हलवू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आणि तिच्या बाबतीत मात्र वाडीच्या मुलांची शिकवण कामास येते. लोकांना वाटते, की धबधबा म्हणजे केवळ पडणारे पाणी. परंतु पडण्यापूर्वी ते पाणी कड्याच्या वर नदीतून येत असते, आणि ती नदीही इतर नद्यांप्रमाणे चढते व उतरते. धबधब्यापाशी ऊन असले, तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले असू शकतात. तासापूर्वी जो खडक कोरडा होता, तो पाण्याखाली जाऊ शकतो. आणि त्यावर बसलेली मंडळी चोहोबाजूंनी वेढली जाऊ शकतात. पावसाळ्यात धबधब्यांवर जे अपघात होतात, त्यांतील पुष्कळसे पाण्याच्या अशा आकस्मिक वाढीमुळे घडतात. पडते पाणी हे आधी चढते पाणी असते, ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

वाडीचे मूल ही गोष्ट सहज ध्यानात ठेवू शकते. घाटावर ते जे करते, तेच त्याने येथेही करावे. दूर, सुरक्षित जागी उभे राहून पाण्याच्या कडेचा एखादा दगड दृष्टीने निवडावा आणि थोड्या थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहावे. तो दगड बुडू लागला, तर नदी चढत आहे. पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने, काटक्या व पालापाचोळा वाहत येऊ लागला, किंवा घोष वाढला, तर ते नदीने दिलेले इशारे समजावेत आणि वाट न पाहता वर यावे. सामान मागे राहिले, तर राहू द्यावे. पायऱ्या मोजण्याची वाडीची जुनी सवय म्हणजे पाण्याशी वागण्याचे शास्त्रच होय. घाट बदलला, तरी ते शास्त्र बदलत नाही.

याची एक ठळक साक्ष २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात मिळाली. त्या महिन्यात वाडीचे मंदिर पाण्यात बुडाले होते, शिरोळ तालुक्यातील गावे वेढली गेली होती. आणि त्याच दिवसांत घटप्रभेचे पाणी गोकाक शहरातही शिरले होते. जेथे नदी हळूहळू चढते ते गाव, आणि जेथे नदी उडी घेते ते गाव, दोन्ही एकाच पावसाने पाण्याखाली आणली. सह्याद्रीवर ढग फुटू लागले, की त्याची वार्ता दोन्हीकडे जाते. फरक एवढाच, की वाडीत ती पायरीपायरीने येते, आणि धबधब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती वाचता आली नाही, तर दुसरी संधी मिळत नाही.

धबधबा पाहून परतणारी मुले पुष्कळ काही बरोबर आणतात. भिजलेले कपडे, करदंटाचे पुडे, लाकडी फळे आणि कानांत घुमत राहिलेला तो घोष. परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा कृष्णेच्या पुलावर येते. खाली नदी सकाळसारखीच संथपणे पूर्वेकडे चाललेली असते. गोकाकच्या कड्याखाली शांत झालेली घटप्रभाही पूर्वेकडेच निघालेली असते. पुढे बागलकोट जिल्ह्यात चिक्कसंगम येथे, आलमट्टी धरणाच्या जलाशयाच्या परिसरात, ती कृष्णेला मिळते. वाडीच्या घाटाची पायरी ओली करून गेलेले पाणी आणि मुलांच्या डोळ्यांदेखत कड्यावरून कोसळलेले पाणी तेथे एक होते. त्यांतील कोणते चढले होते आणि कोणते पडले होते, हे त्यानंतर कोणालाही सांगता येत नाही.